वेबसाईटचं बिऱ्हाड हलवताना : वाचकांचे प्रश्न

आंब्याचा सीझन आटपला, पाऊस लागला, हात मोकळे झाले, आणि दरवर्षीसारखी याच दिवसांत एकाच विषयावरची पत्रं येऊन पडलीत. साईट बदलायची आहे, जुनं सॉफ्टवेअर सोडायचंय, मुलगा म्हणतो हे घ्या, डिझायनर म्हणतो ते घ्या, काय करू? त्यातली सहा घेतलीत. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ते सगळ्यांनीच वाचा, कारण बाकीच्यांच्या कामाचंही त्यात बरंच आहे.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. २०१६ ला वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं जोडसॉफ्टवेअर घालून साईट करून घेतली, ऑर्डरी चांगल्या येतात. पण दर एप्रिलमध्ये अक्षय्य तृतीयेच्या आधी साईट बसते, पान उघडत नाही, गिऱ्हाईकाचे पैसे कापले जातात आणि आमच्याकडे ऑर्डर दिसतच नाही. मुलगा म्हणतो शॉपिफाय या भाड्याच्या ऑनलाईन दुकानावर जाऊया. गुगलवर आमचं नाव वर येतं, ते जाईल का? आणि हे करावं कधी? — एक बागायतदार, देवगड

काका, आधी मला सांगा, तुम्हाला साईट हलवायची आहे की ती बसायची थांबवायची आहे? ही दोन वेगळी कामं आहेत. २०१६ ची साईट म्हणजे खाली पीएचपी, वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती, बहुतेक ५.६ किंवा ७ च्या सुरुवातीचं असणार. ५.६ चा सपोर्ट डिसेंबर २०१८ मध्ये संपला, ७.४ चासुद्धा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. होस्टिंगच्या, म्हणजे साईट जिथं ठेवलीय त्या कंपनीच्या, पॅनलमध्ये जाऊन कुठलं व्हर्जन आहे एवढं मुलाला आजच बघायला सांगा. त्यात होस्टिंग शेअर्ड असेल तर एकाच मशीनवर आणखी शंभर साईटा बसलेल्या असतात, आणि तुमच्या पेट्यांचे फोटो मोबाईलवरून थेट चढवलेले चार चार एमबीचे. साध्या पानांची तयार प्रत ठेवून काम भागतं, त्याला कॅशे म्हणतात, पण कार्ट आणि चेकआऊटचं पान प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नव्यानं तयार करावं लागतं आणि एप्रिलमधली तुमची सगळी गर्दी नेमकी तिथंच असते, म्हणून साईट बसते.

पैसे कापले आणि ऑर्डर नाही, हे पण त्यातूनच होतं. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाईन पैसे घेणारी मधली कंपनी, पैसे घेतो आणि तुमच्या साईटला निरोप पाठवतो की आले बुवा पैसे, पण साईटच बंद असेल तर निरोप घेणार कोण. तो पैसा बहुतेक वेळा गेटवेच्या डॅशबोर्डवर नोंदलेला सापडतो, तेव्हा सीझनमध्ये रोज संध्याकाळी गेटवेची यादी आणि ऑर्डरींची यादी शेजारी शेजारी ठेवून जुळवत चला. प्लॅटफॉर्म कुठलाही असो, हे करायचंच.

आता शॉपिफाय की आहे तेच. शॉपिफायवर सर्व्हरची काळजी तुमची राहत नाही, हा फार मोठा आराम आहे. पण दर महिन्याचं भाडं आहे, आंबा असो नसो. आणि शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात मिळत नाही, म्हणजे गेटवेचे टक्के वेगळे आणि बाहेरचा गेटवे वापरला म्हणून शॉपिफायचे टक्के वेगळे, हे पेटीच्या भावात धरून बघा. मुलगा स्वतः अपडेट, बॅकअप बघणार असेल तर मी वूकॉमर्स ठेवीन आणि फक्त चांगल्या होस्टिंगवर नेईन. तो पुण्या-मुंबईला नोकरीवर असेल आणि घरी कोणी बघणारं नसेल तर शॉपिफायचे पैसे वसूल आहेत.

गुगलचं विचारलंत. नाव जातं, पण प्लॅटफॉर्म बदलल्यामुळे नाही जात, पानांचे पत्ते बदलल्यामुळे जातं. वूकॉमर्समध्ये मालाचं पान साधारण 'प्रॉडक्ट' या शब्दाखाली असतं आणि शॉपिफायमध्ये 'प्रॉडक्ट्स'खाली, शेवटी एक एस जास्त, आणि तो बदलायची मुभा नाही. एवढ्या एका एसमुळे इतकी वर्षं गुगलला माहीत असलेला पत्ता मेला असं होतं. त्यावर उपाय म्हणजे ३०१ रिडायरेक्ट. जुन्या पत्त्यावर आलेल्याला, मग तो माणूस असो की गुगल, आपोआप नव्या पानावर न्यायचं आणि सांगायचं की हे कायमचं हललंय. ३०२ नको, ते तात्पुरत्यासाठी असतं. आणि हे एकास एक लागतं. पाच डझनाच्या पेटीचं जुनं पान नव्या पाच डझनाच्या पेटीवरच गेलं पाहिजे. कंटाळा करून सगळे जुने पत्ते होमपेजवर सोडतात लोक, गुगल तसल्या पत्त्यांना हरवलेलं पान समजतं आणि केलेली मेहनत फुकट जाते. जुन्या पत्त्यांची यादी साईटमॅप (साईटच्या पानांची यादी) आणि सर्च कन्सोल (गुगलचं साईटमालकांसाठीचं टूल) या दोन्हीतून काढा, एक्सेलमध्ये डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. शॉपिफाय ती यादी एकदम चढवून घेतं. गुगल म्हणतं रिडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा. मी म्हणते डोमेन, म्हणजे साईटचं नाव, तुमचं आहे तोवर राहू द्या. तुमच्या पेट्यांवर क्यूआर कोड छापलाय ना? ती पेटी कोणाच्यातरी माळ्यावर पुस्तकं भरून पडलेली असते आणि तीन वर्षांनी तोच माणूस तो कोड स्कॅन करतो.

यात आपल्या आंबेवाल्यांची एक सवय मोडायला हवी, म्हणून थोडं थांबून सांगते. जूनमध्ये सीझन संपला की मालाची पानं डिलीट करायची आणि फेब्रुवारीत नवीन करायची, तीही पत्त्यात साल घालून, हापूस-२०२३, हापूस-२०२४ असं. प्रत्येक वर्षी गुगलपुढे तुम्ही नवखे. पान तेच ठेवा, पत्त्यात साल नको, आणि सीझन संपला की त्याच पानावर 'पुढच्या सीझनसाठी नाव नोंदवा' म्हणून फॉर्म लावा. हलवाहलवीच्या वेळीच हे करून टाका, एकदाच रिडायरेक्ट लावायचे ते सरळ या कायमच्या पत्त्यांवर. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तुमची त्याची नोंदणी असेल तर त्या सर्टिफिकेटचं पान पण यादीत धरा, नव्या गिऱ्हाईकाला तेच दाखवायचं असतं.

करायचं कधी? आत्ता. जुलै-ऑगस्टात. हलवल्यावर गुगलला सगळं नव्यानं फिरून बघायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात वरखाली होतं, ते पावसाळ्यात होऊ दे. मोहोर धरल्यावर हात लावू नका, आणि मार्चमध्ये कोणी डिझायनर म्हणाला की दोन दिवसांत करून देतो तर त्याला नमस्कार करा.

शॉपिफायवर गेलात तर गिऱ्हाईकांची नावं, पत्ते, जुन्या ऑर्डरी जातात पलीकडे, पासवर्ड जात नाहीत, लॉगिन सगळ्यांना नव्यानं करावं लागेल. फेब्रुवारीत तुमच्या नेहमीच्या व्हॉट्सॲप नंबरवरून आधी कळवा, नाहीतर अचानक आलेला लॉगिनचा मेल बघून लोक घाबरतात आणि त्यांचं घाबरणं बरोबरच आहे. पल्प, आंबापोळी विकत असाल आणि जीएसटी नंबर असेल तर जुन्या बिलांची पूर्ण प्रत उतरवून घ्या. वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवायचे असा कायदा आहे, आणि जुनं होस्टिंग बंद केलंत की ते गेले.

शेवटच्या दोन गोष्टी बारीक आहेत पण माझ्याच हातून घडलेल्या आहेत. नवीन साईट तयार होताना गुगलनं ती बघू नये म्हणून वर्डप्रेसमध्ये एक टिक करतात, शॉपिफायवर दुकानाला पासवर्ड असतो. एका कोकमवाल्या वहिनींची साईट सुरू केली आणि ती टिक काढायची माझ्याकडून राहिली, दीड महिना त्यांची साईट गुगलवर नव्हती, त्यांचा आगळाचा सगळा उन्हाळा त्यात गेला. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हापासून साईट सुरू केल्या दिवशी पहिली ती टिक बघते. आणि दुसरं, खरी ऑर्डर टाकून बघा. एक रुपयाचा माल लावा, यूपीआयनं भरा, मग कार्डानं भरा, मुंबईचा पिनकोड घाला, मग नागपूरचा, आणि हे घरच्या वायफायवर नको, बागेत जिथं एकच रेघ रेंज येते तिथं उभं राहून करा.

प्रश्न : आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. गुगलच्या नकाशावर नाव टाकलं तेव्हा तिथंच फुकटात साईट करून मिळाली होती, तीच कार्डावर आणि बोर्डावर छापली. आता ती उघडतच नाही. परत चालू कशी करायची? — गुहागर

ताई, ती परत चालू होणार नाही. गुगलनं बिझनेस प्रोफाईलमधून केलेल्या सगळ्या साईटा मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत तो पत्ता तुमच्या नकाशावरच्या प्रोफाईलकडे नेत होता, नंतर तेही थांबलं. तुमचं काही चुकलेलं नाही, तो पत्ता 'बिझनेस डॉट साईट'नं संपत होता म्हणजे गुगलचा होता, तुमचा नव्हताच. प्रोफाईल मात्र शाबूत आहे, फोटो, लोकांनी लिहिलेलं, स्टार, सगळं.

स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला हजाराच्या आसपास पडतं, आणि एकच पान करा. खोल्यांचे फोटो, दर, जेवणात काय मिळतं, मच्छी मिळते की फक्त शाकाहारी हे स्पष्ट, चिपळूण स्टेशनवरून कसं यायचं, फोन नंबर. बास, चार खोल्यांना यापेक्षा जास्त लागत नाही. मग प्रोफाईलमध्ये वेबसाईटच्या जागी हा नवा पत्ता टाका, आणि बुकिंगच्या साईटांवर, फेसबुक-इन्स्टावर जिथं जिथं जुना पत्ता होता तिथं बदला. जुन्या साईटवरचा मजकूर हवा असेल तर इंटरनेट आर्काईव्हच्या वेबॅक मशीनवर तो जुना पत्ता टाकून बघा, कधीकधी प्रत सापडते. बोर्ड रंगवून घ्या, गणपतीच्या आधी.

प्रश्न : काजू फॅक्टरीची साईट नवीन कंपनीकडून करून घेतोय. ते म्हणतात डोमेनचा ताबा द्या. पण डोमेन जुन्या डिझायनरच्या नावावर आहे, तो फोन उचलत नाही. आता? — रत्नागिरी तालुका

दादा, हे पत्र मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतं, फक्त तालुका बदलतो. साईट उद्या नवीन होईल, मजकूर पुन्हा लिहिता येईल, पण डोमेन म्हणजे सातबारा आहे आणि तो दुसऱ्याच्या नावावर आहे.

आधी हूइजवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या साईटवर, बघा डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे आणि संपतंय कधी. नाव लपवलेलं असलं तरी रजिस्ट्रार आणि तारीख दिसते. तारीख जवळ असेल तर सगळी कामं सोडून याच्या मागे लागा, डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर सोडवून घ्यायला थोडे दिवस मिळतात पण दंड भरून, आणि ते सोडवायचं पण त्याच्याच खात्यातून. मग डिझायनरला लेखी पाठवा, मेल आणि रजिस्टर पत्र दोन्ही, फोनवर भांडू नका. मागणी साधी ठेवा. त्याच रजिस्ट्रारकडे माझं खातं काढलंय, डोमेन त्यात टाका, किंवा लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवायचा गुप्त कोड, द्या. सोबत त्याला डोमेनचे पैसे दिल्याच्या पावत्या. थकलेले पैसे असतील तर ते देऊन टाका, खरं सांगते, बहुतेक वेळा गाडं तिथंच अडलेलं असतं. नवीन रजिस्ट्रेशन किंवा ट्रान्सफर झाल्यावर डॉट कॉम ६० दिवस हलवता येत नाही, तेवढं वेळापत्रकात धरा.

तो अजिबात दाद देत नसेल तर डॉट इनसाठी ते डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची तंटा सोडवायची पद्धत आहे, डॉट कॉमसाठी युडीआरपी ही तशीच आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, पण दोन्हीकडे तुमचा ट्रेडमार्क किंवा नावावरचा हक्क दाखवावा लागतो आणि खर्च येतो. तेवढ्यासाठी वकील गाठा. आणि नवं डोमेन घ्यायची वेळ आलीच तर हे समजून घ्या की जुन्याचा ताबा नसला तर रिडायरेक्ट लावता येत नाही आणि सर्च कन्सोलमधलं पत्ता बदलल्याचं टूलही वापरता येत नाही, गुगलवर शून्यापासून सुरुवात. नव्या कंपनीला पण ताबा 'देऊ' नका. डोमेन तुमच्या मेलवर, तुमच्या मोबाईलवर, त्यांना फक्त डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ती नोंद, बदलायची परवानगी.

प्रश्न : आम्ही लाकडी खेळणी करतो. साईट २००९ ची, मराठीत आहे. नव्या प्लॅटफॉर्मवर मजकूर चिकटवला तर काही पानांवर इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, आणि काही पानांवर नुसती प्रश्नचिन्हं. असं का? — सावंतवाडी

हे दोन वेगळे आजार आहेत भाऊ. खिचडीवाली पानं जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहेत, तेव्हा सगळेच करायचे. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी चित्र दाखवतो. फॉन्ट काढला की आतलं उघडं पडतं. म्हणजे इतकी वर्षं गुगललाही तुमच्या साईटवर मराठी दिसलेलीच नाही, कोणी 'लाकडी खेळणी' शोधलं तर तुम्ही सापडलाच नसाल. या पानांसाठी फॉन्टवरून युनिकोड, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच राहणारी अक्षरं, करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण फॉन्टचं नेमकं नाव माहीत हवं, कारण प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. कन्व्हर्ट झाल्यावर घरातल्या चांगलं मराठी असलेल्या माणसाला सगळं वाचायला बसवा. पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, रफार सरकतो, 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' हमखास बिघडतात.

प्रश्नचिन्हांचं वेगळं. ती पानं युनिकोडमध्येच होती, पण डेटाबेस जुन्या लॅटिन वळणाचा, म्हणजे इंग्रजीसारख्या अक्षरांपुरताच, होता आणि हलवताना कोणीतरी सरळ बदल करायला गेलं. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं, न समजलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं की मूळ अक्षर तिथं उरतच नाही. त्यामुळे त्या नव्या डेटाबेसवर आणखी प्रयोग करू नका, जुन्या साईटचा बॅकअप काढून तिथून पुन्हा आणा, डेटाबेसला यूटीएफ-८-एमबी-४ ही युनिकोडची साठवण लावून. आणि आधी एकच पान आणून बघा. ते नीट वाचता आलं की मग बाकीची.

प्रश्न : आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर गेला, बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, ती पण गेली. उधारीची वही आठवून आठवून पुन्हा लिहिली. आता बिलिंग आणि स्टॉक ऑनलाईन करायचंय. जुन्या सॉफ्टवेअरमधून सगळं कसं न्यायचं? — चिपळूण

त्या दिवशी बाजारपेठेत काय झालं ते मी पण बघितलंय, माझ्या मामाचं दुकान त्याच पाण्यात होतं, त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं. ऑनलाईन करताय हे फार चांगलं करताय.

सगळं न्यायच्या भानगडीत पडू नका. मालाची यादी, गिऱ्हाईकांची यादी, स्टॉक, आणि कोणाकडून किती येणं किती देणं ती शिल्लक, एवढंच नवीन सिस्टीममध्ये न्या. जुन्या एकेक बिलाची नोंद नेत बसलात तर वर्ष जाईल. जुनं सॉफ्टवेअर बघण्यापुरतं चालू ठेवा, त्यातली बिलं पीडीएफ करून ठेवा. पण न्यायच्या आधी यादी साफ करा, 'अर्धा इंच पाईप' चार नावांनी नोंदलेला असतो आणि एकच मिस्त्री दोनदा, तो घोळ तसाच नेलात तर नवीन सॉफ्टवेअरला शिव्या द्याल.

तारीख १ एप्रिल सगळ्यात उत्तम, बिलांची नवीन सिरीज तशीही तेव्हाच सुरू होते. मध्येच करायचं असेल तर महिन्याच्या १ तारखेला करा, आणि नव्या बिलांना वेगळी सिरीज द्या म्हणजे त्याच वर्षात एक नंबर दोनदा येणार नाही. जीएसटीच्या बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आतच बसवायचा असतो, तेही बघा. पहिला महिना दोन्हीकडे बिलं करा, कंटाळा येईल, करा तरी, आणि महिनाअखेरीला दोन्हीकडची येणी-देणी जुळवा. जुळलं नाही तर जुनं सोडू नका.

सॉफ्टवेअर घेण्याआधी विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. उद्या मला तुम्हाला सोडायचं झालं तर माझा डेटा एक्सेलमध्ये पूर्ण काढून मिळेल का, आत्ता काढून दाखवा. आणि लाईट किंवा नेट गेलं तर बिल फाडता येईल का, कारण पावसात आपल्याकडे दोन्ही जाणार. ऑनलाईन असलं तरी आठवड्याला एक प्रत उतरवून ती चिपळुणाबाहेर ठेवा, तुमचे कोणी नातेवाईक सावर्डे, देवरुख, कुठंही, पण वाशिष्ठीच्या काठाला नको.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी साईट नवीन होस्टिंगवर नेली. साईट झकास चालते, पण तेव्हापासून ऑफिसचे मेल येणं बंद झालंय. — अलिबाग

नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथं असतात ती जागा, बदललेत आणि एमएक्स रेकॉर्ड नवीन जागी टाकायचे राहिले. मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते एमएक्सवर ठरतं, त्याचा साईटशी संबंध नाही. जुन्या जागी लॉगिन करून एमएक्स आणि एसपीएफ, डीकिमचे (मेल खरंच तुमचाच आहे हे सांगणारे) टेक्स्ट रेकॉर्ड जसेच्या तसे उतरवून आणा, नाहीतर येणारे मेल आले तरी तुम्ही पाठवलेले लोकांच्या स्पॅममध्ये जातील. पुढच्या वेळी हलवायच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो आकडा, ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे चूक झाली तर लवकर सुधारते. एमएक्सचं काम मात्र आजच करा. कोणी मेल पाठवला आणि पोचला नाही तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, मग परत पाठवून देतो. चार दिवस झालेत, त्यातले थोडे अजून वाटेत असतील.